न बोललेले ऐकताना : अत्याचारग्रस्त बालके आणि कलोपचार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



मूल नीट बोलू लागण्याआधीच खेळू लागते. हाती खडू आला की भिंतीवर रेघोट्या उमटतात, चार भांडी मिळाली की भातुकलीचा संसार थाटला जातो. त्या संसारात आई जशी रागावते तशीच बाहुलीवर रागावणारी एक आई असते, सुई टोचणारे डॉक्टर असतात, छडी उगारणारे गुरुजी असतात. मोठ्यांना ती करमणूक वाटते. मुलासाठी मात्र भोवतीचे जग समजून घेण्याचे आणि मनावर आलेला भार उतरवण्याचे ते साधन असते. चित्र, माती, वाळू, बाहुल्या, नृत्य, नाट्य आणि संगीत या साधनांचा प्रशिक्षित व्यक्तीकडून मनाच्या उपचारासाठी जो उपयोग केला जातो, त्याला कलोपचार म्हणतात. अत्याचार सोसलेल्या बालकांच्या संदर्भात या उपचारांचा विचार करताना दोन प्रश्न उभे राहतात. मुलावर अत्याचार झाला आहे हे कलेतून ओळखता येते काय, हा पहिला. अशा मुलाला सावरण्यासाठी कलेचा उपयोग होतो काय, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे सारखी नाहीत. त्यांची सरमिसळ झाली की त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. म्हणून त्यांचा वेगवेगळा विचार करणे अगत्याचे आहे.

मौनाचे मोजमाप

भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल-अत्याचारांविषयीचा एक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अनेकांना धक्का देणारी आणखी एक बाब त्यात होती. अत्याचार सोसलेल्या या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. 'आम्हांला मुलगाच आहे, काळजी कशाची' हा समज किती पोकळ आहे, हे त्यातून दिसले. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे आणि विश्वासाच्या स्थानावरील होते. बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती.

ही मुले गप्प का राहतात? लहान मुलापाशी पुष्कळदा त्या घटनेसाठी शब्दच नसतात. शरीराच्या काही अवयवांची नावे घरात कधी उच्चारलीच जात नाहीत, मग तेथे झालेली इजा मूल कोणत्या शब्दांत सांगणार? मोठ्या मुलाला शब्द ठाऊक असतात, पण धमकी मिळालेली असते, लाज वाटत असते, आणि बहुतेक वेळा 'चूक माझीच' अशी समजूत करून दिलेली असते. अत्याचारी व्यक्ती काका, मामा, शेजारी किंवा शिक्षक असेल तर तिच्याविषयीचे प्रेम आणि भीती एकाच मनात नांदतात. त्यात घराची प्रतिष्ठा आडवी येते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण व्यवहारात उपयोगी असेल, परंतु त्या मुठीत एखादे मूल गुदमरत असेल तर ती उघडावीच लागते.

शब्द न फुटण्यामागे शरीराचेही काही कारण असावे, असे संशोधन सुचवते. १९९६ साली अमेरिकेत भीषण आघात सोसलेल्या प्रौढ रुग्णांना त्यांच्याच घटनेचे वर्णन ऐकवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेण्यात आल्या. आघाताची आठवण जागी होताच मेंदूतील वाणीशी निगडित असलेल्या ब्रोका नावाच्या भागाची क्रियाशीलता मंदावल्याचे त्यांत आढळले. रुग्ण मोजके होते आणि ते प्रौढ होते, त्यामुळे त्यावरून सर्वच मुलांविषयी निष्कर्ष काढता येणार नाही. तरीही 'वाचा बसणे' हा मराठीतला शब्दप्रयोग किती अनुभवसिद्ध आहे, याची साक्ष त्यातून मिळते.

कलोपचारांची वाटचाल

मुलाला प्रश्न विचारत बसण्याऐवजी त्याच्या हाती खेळ द्यावा, ही दृष्टी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली मनाने बिथरलेल्या मुलांसाठी एक चिकित्सालय उघडले. लहानसहान खेळण्यांनी भरलेली एक पेटी तेथे होती. मुले तिला 'अद्भुत पेटी' म्हणत. वाळूचा एक पसरट ट्रेही होता. मुलांनी आपणहून पेटीतील माणसे, प्राणी, घरे, झाडे त्या वाळूत मांडायला सुरुवात केली आणि त्या मांडणीला 'जग' असे नाव दिले. लोवेनफेल्ड यांचे मोठेपण असे की मुलाने मांडलेल्या जगाचा अर्थ लावण्याची घाई त्यांनी केली नाही. ते जग कसे आहे, हे सांगण्याचा अधिकार त्यांनी मुलाकडेच ठेवला. आज जगभर चालणाऱ्या वाळूच्या खेळाच्या उपचारपद्धतीचे मूळ येथे आहे.

'कलोपचार' या अर्थाची इंग्रजी संज्ञा एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२ साली योजली. क्षयरोगातून बरे होत असताना चित्रकलेने आपल्याला उभारी दिली, असा त्याचा अनुभव होता. मुलांच्या संदर्भात मात्र या विद्येची एक अत्यंत करुण आणि उदात्त परंपरा मध्य युरोपातून येते. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही व्हिएन्नाची चित्रकर्ती. नाझी राजवटीने डिसेंबर १९४२ मध्ये तिला तेरेझिनच्या ज्यू वस्तीत डांबले. तेथील मुलांवर झालेला अत्याचार कोणा एका व्यक्तीचा नव्हता, तो राजसत्तेचा होता. आईबापांपासून दुरावलेल्या, भुकेल्या, भेदरलेल्या मुलांना ती सापडेल त्या कागदावर चित्रे काढायला शिकवू लागली. प्रत्येक मुलाने चित्रावर आपले नाव घालावे, असा तिचा आग्रह असे. ज्या जागी माणसाचे नाव पुसून त्याचा क्रमांक केला जात होता, तेथे हा आग्रहच एक उपचार होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झ येथे नेऊन ठार करण्यात आले. जाण्यापूर्वी तिने मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली. ती आज प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुतेक मुले मात्र वाचली नाहीत.

फ्रीडलची एक विद्यार्थिनी, एडिथ क्रॅमर, १९३८ साली अमेरिकेस गेली होती. १९५० नंतर सात वर्षे तिने न्यूयॉर्क राज्यातील विल्टविक या निवासी शाळेत वर्तनसमस्या असलेल्या मुलग्यांबरोबर काम केले आणि बाल-कलोपचाराचा शास्त्रीय पाया घातला. रंग, माती आणि कुंचला हाताळताना संतापाला एक आकार मिळतो, आणि आकार मिळालेला संताप मुलाला पेलता येतो, हे तिच्या प्रतिपादनाचे सार होते.

चित्र हा पुरावा नव्हे

आता पहिल्या प्रश्नाकडे वळावयास हवे. मुलाने चित्रात हात काढले नाहीत, घराला काळा रंग दिला, डोळे मोठे केले किंवा माणूस कोपऱ्यात लहानसा काढला, म्हणजे त्याच्यावर अत्याचार झाला, असे म्हणता येते काय? मुलांच्या चित्रांतून त्यांचे मन वाचण्याचे प्रयत्न गेल्या शतकात पुष्कळ झाले. अशा खुणांच्या याद्या तयार झाल्या, त्या शाळाशाळांतून पोहोचल्या. परंतु अत्याचारग्रस्त मूल आणि इतर मुले यांना खात्रीने वेगळे करील अशी एकही खूण सिद्ध झालेली नाही. काळा खडूच शिल्लक होता म्हणूनही घर काळे होते. हात काढणे अवघड जाते म्हणूनही माणसे हातांविना राहतात.

अर्थ लावण्याची घाई किती महाग पडू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घडले. १९८३ साली तेथील मॅकमार्टिन बालवाडीविषयी एक तक्रार आली. त्यानंतर सुमारे ४०० मुलांच्या मुलाखती घेण्यात आल्या. बाहुल्या आणि हातमोज्यांच्या कळसूत्री बाहुल्या मुलांपुढे ठेवून त्यांना पुन्हा पुन्हा सूचक प्रश्न विचारले गेले. अपेक्षित उत्तर देणाऱ्याचे कौतुक झाले, नकार देणाऱ्याला पुन्हा विचारले गेले. हळूहळू मुलांची कथने अशक्यप्राय गोष्टींनी भरून गेली. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. त्या शेकडो मुलांपैकी कोणाच्या बाबतीत खरोखर काही घडले होते काय, हे जाणण्याचा मार्गच सूचक प्रश्नांनी बंद करून टाकला. निरपराध माणसाला कलंक लागणे हे जसे वाईट, तसेच खऱ्या पीडित मुलाचे म्हणणे अविश्वसनीय ठरणे हेही वाईट. या चुकीत दोन्ही संभवतात.

मग ओळखण्याच्या कामी कलेचा काहीच उपयोग नाही काय? आहे, पण तो वेगळ्या प्रकारचा आहे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातील ज्युलियन ग्रॉस आणि हार्लीन हेन या संशोधकांनी १९९८ साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आनंदाच्या, दुःखाच्या किंवा भीतीच्या प्रसंगाविषयी सांगताना काही मुलांना चित्र काढू दिले गेले, काहींना केवळ बोलावयास सांगितले गेले. चित्र काढत बोलणाऱ्या मुलांनी सुमारे दुप्पट माहिती दिली. चित्र पाहून काही कळले असे नव्हे, तर चित्र काढता काढता मूल बोलू लागले. हात गुंतलेले असतात, नजर कागदावर असते, समोरच्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, आणि एक रेघ दुसरी आठवण जागी करते. मात्र दोनच वर्षांनी झालेल्या दुसऱ्या एका संशोधनाने इशारा दिला. मोठ्यांनी आधी खोटी गोष्ट सुचवली असेल, तर तिचे चित्र काढल्याने ती खोटी गोष्टही मुलाच्या मनात तितकीच पक्की होते. तात्पर्य असे की चित्र हे बोलण्याचे दार आहे. त्या दारातून मुलाचेच म्हणणे बाहेर यावे, की मोठ्यांची कल्पना आत शिरावी, हे प्रश्न विचारणाऱ्यावर अवलंबून असते.

दिल्लीतील एका न्यायालयाने २०१७ साली दिलेला निकाल या दृष्टीने लक्षणीय आहे. जवळच्या नातलगाकडून अत्याचार सोसलेली एक लहान मुलगी साक्षीसाठी न्यायालयात आली होती. तेथे तिच्या हाती कागद आणि रंगखडू देण्यात आले. उदास रंगाचे घर, दोऱ्याला बांधलेले फुगे धरून उभी असलेली मुलगी आणि अंगावरून उतरलेला पोशाख, असे चित्र तिने काढले. न्यायाधीशांनी त्या चित्राची दखल घेतली, घटनेचा तिच्या मनावर झालेला परिणाम त्यात दिसतो असे नमूद केले आणि तिची साक्ष विश्वसनीय मानून आरोपीस पाच वर्षांची शिक्षा सुनावली. हे चित्र एकटे उभे नव्हते. मुलीची साक्ष आणि प्रकरणातील परिस्थिती यांच्या सोबतीने ते उभे राहिले. चित्राचे योग्य स्थान तेच.

सावरण्याची वाट

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक आशादायक आहे. अत्याचारात मुलाचे जे हिरावले जाते ते म्हणजे स्वतःवरील अधिकार. त्याच्या शरीराशी काय व्हावे, केव्हा थांबावे, कोणी जवळ यावे, हे त्याने ठरवलेले नसते. कलोपचाराच्या खोलीत हा अधिकार त्याला थोडाथोडा परत मिळतो. कोणता रंग घ्यावयाचा हे मूल ठरवते. चित्र दाखवावयाचे की घडी घालून ठेवायचे हे तेच ठरवते. मातीचा राक्षस घडवून तो चिरडण्याचा हक्कही त्याचाच. रंग, माती, वाळू आणि बाहुल्या समोर असतात, वेळ ठरलेली असते, नियम मोजके असतात, आणि उपचारक आज्ञा करत नाही, सोबत करतो. पहिल्या कित्येक भेटींत मूल अत्याचाराविषयी चकार शब्द काढत नाही आणि उपचारकही तो विषय छेडत नाही. आधी सुरक्षितता, मग आठवण, हा क्रम उलटला तर उपचाराचाच आघात होतो.

शरीरावर झालेल्या आघाताला शरीरातूनच उत्तर देण्याचा प्रयत्न नृत्योपचार करतो. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली स्थापन केलेल्या 'कोलकाता संवेद' या संस्थेचे काम त्याचे ठळक भारतीय उदाहरण आहे. मानवी तस्करीतून सुटका झालेल्या आणि आश्रयगृहात राहणाऱ्या मुलींसाठी त्यांनी 'संपूर्णता' नावाची पद्धती विकसित केली. आपल्याच शरीराची घृणा वाटू लागलेल्या मुलीला श्वास, ताल आणि हालचालींच्या आधारे ते शरीर पुन्हा आपलेसे करता यावे, हा तिचा गाभा. येथे नृत्य रंगमंचासाठी नसते, त्यामुळे ते चुकत नाही. या मार्गाने सावरलेल्या काही मुली पुढे स्वतः प्रशिक्षिका झाल्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सहकार्याने नृत्योपचाराचा पदविका अभ्यासक्रमही उभा राहिला.

येथे एक विवेक पाळावयास हवा. अत्याचारग्रस्त मुलांच्या उपचारांमध्ये सर्वाधिक भक्कम संशोधनाचा आधार आज आघातकेंद्रित बोधात्मक-वर्तनोपचार या पद्धतीस आहे. तीत मुलाबरोबर त्याच्या विश्वासातील पालकालाही सामील करून घेतले जाते. पण या पद्धतीतही मूल आपल्या अनुभवाची कथा प्रकरणाप्रकरणाने रचते, आणि लहान मुले ती पुष्कळदा चित्रांच्या पुस्तकाच्या रूपाने करतात. अर्थात शास्त्र आणि कला हे येथे प्रतिस्पर्धी नाहीत. मात्र चित्रकलेचा वर्ग म्हणजे कलोपचार नव्हे, आणि हौशी माणसाने मुलाच्या जखमेत हात घालणे म्हणजे सेवा नव्हे. त्यासाठी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकच हवा.

घराचे आणि समाजाचे कर्तव्य

मग आईवडिलांनी, पाठशाळेच्या शिक्षकांनी, वसतिगृहाच्या अधीक्षकांनी, शिबिरांच्या कार्यकर्त्यांनी काय करावे? मुलाच्या चित्रात किंवा भातुकलीत काही अस्वस्थ करणारे दिसले, विशेषतः वयाला न शोभणारे लैंगिक तपशील वारंवार दिसले, तर घाबरून ओरडू नये आणि हसण्यावारीही नेऊ नये. 'हे कोणी केले, काकांनी का?' असा प्रश्न कधीही विचारू नये, कारण त्यात उत्तर दडलेले असते. 'या चित्राविषयी मला सांग ना', 'मग पुढे काय झाले?' एवढेच विचारावे आणि थांबावे. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे. चित्र जपून ठेवावे. तेच ते दहा नातलगांपुढे वदवून घेऊ नये. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला घरच्या बैठकीत मुलासमोर उभे करून जाब विचारणे, हा तर मुलावर दुसरा अत्याचार होय.

वागण्यातील बदलांकडेही लक्ष असावे. अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा लागणे, एका विशिष्ट व्यक्तीकडे जाण्यास एकाएकी नकार, झोप उडणे, अभ्यासातून मन उठणे. यांपैकी काहीही अत्याचाराचा पुरावा नाही. घरातील मृत्यू, शाळेतील दांडगाई अशी अन्य कारणेही त्यामागे असू शकतात. पण प्रत्येक बदल हा मुलाजवळ शांतपणे बसण्याचे निमंत्रण मात्र नक्कीच आहे.

कायद्याचे भानही ठेवावयास हवे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा अधिनियम, जो 'पोक्सो' या नावाने परिचित आहे, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा आणि मुलगी त्याच्या संरक्षणाखाली येते. असा अपराध घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे, हे ज्याला कळते त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे कलम १९ अन्वये बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध न कळवल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. सद्भावनेने कळवणाऱ्यास संरक्षण आहे. तपास करून पुरावा गोळा करणे हे कळवणाऱ्याचे काम नाही, ते पोलिसांचे आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यावयाचा असतो. मुलाची ओळख प्रकट करता येत नाही. चाचणीच्या काळात मुलाला आधार देणाऱ्या सहायक व्यक्तीची तरतूद २०२० च्या नियमांत आहे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनी सेवा आज शासनाकडून चालवली जाते. हा क्रमांक प्रत्येक घरात, प्रत्येक पाठशाळेत आणि वसतिगृहात मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावलेला असावा.

ज्या संस्थेत मुले येतात, राहतात, शिकतात, तिची प्रतिष्ठा तक्रार न आल्याने वाढत नाही. तक्रार आल्यावर ती संस्था मुलाच्या बाजूने उभी राहते की स्वतःच्या नावाच्या, यावर ती ठरते. प्रत्येक गावात कलोपचारतज्ज्ञ मिळणार नाही, हे वास्तव आहे. परंतु कागद, रंगखडू आणि घाई नसलेला एक मोठा माणूस प्रत्येक घराला देता येतो. आणि एखाद्या मुलाने चित्रातून, खेळातून किंवा अडखळत्या शब्दांतून काही सांगितले, तर त्याला उत्तर म्हणून तीन वाक्ये पुरेशी आहेत. तू सांगितलेस, हे फार चांगले केलेस. यात तुझी काहीही चूक नाही. आता पुढचे मोठी माणसे बघतील. या तिसऱ्या वाक्यातील शब्द पाळणे हे मोठ्यांचे काम आहे.